स्टाफ रेट

पहाटे चारला भुसावळ स्टेशनाबाहेर
सुभान तडवीच्या चहाच्या गाडीवर
गार्ड, ड्रायव्हर, पॉइंट्समन,
सगळे रात्र वापरून आलेले.
त्यांच्यात मी.
चहा दहाचा, स्टाफला सात.
पहिल्याच दिवशी त्यानं माझ्याकडून सातच घेतले.
डोळे तसेच लाल, म्हणून असेल.
मी बोललो नाही.
अकरा वर्षं बोललो नाही.

माझी ड्यूटी अडीच खोल्यांत, कूलरसमोर.
एका पडद्यावर सहा टेबलं.
लिस्बनचा कुणी, मनिलाचा कुणी,
चेहरा नाही, आवाज नाही,
पैसे लावायला किती वेळ घेतो
तेवढाच माणूस.
लोकांना वाटतं, हा पत्ते खेळतो.
मी शंभरातले ऐंशी हात टाकून देतो.
बदामचा राजा, किलवर नव्वी: टाक.
इस्पिकचा गुलाम, चौकट तिर्री: टाक.
बामणोदच्या वांग्यांच्या ढिगासमोर
आई अशीच बसते,
उचलते, तळहातावर वजन बघते, ठेवते.
हलकं ते भरताचं.
दहातलं एक पिशवीत.
तिला कुणी जुगारी म्हणत नाही.

वहीत तारीख, तास, आलं, गेलं.
एका मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत,
चार लाख गेले
एकही चूक न करता.
चूक सापडली असती
तर झोप लागली असती.

परिचयपत्रात काकानं लिहिलं होतं, 'आयटी'.
सावद्याचे भंगाळे मुलीसाठी बघायला आले,
म्हणाले, कंपनी कुठली?
मी खरं ते सांगितलं.
त्यांनी शेवभाजी संपवली, हात धुतले,
पोरगा प्रामाणिक आहे म्हणाले,
आणि पान टाकलं.

मग ऑगस्टात कायदा आला.
टेबलं एकेक करून नाही, एकदम विझली.
काळ्या पडद्यात माझा चेहरा,
जो इतकी वर्षं
कुणापासून लपवायचीही गरज पडली नव्हती.

सवयीनं चारला उतरलो.
दहाची नोट दिली, सुट्ट्यांसाठी थांबलो नाही.
त्यानं हाक मारून
तीन रुपये काचेच्या बरणीवर ठेवले.
सुभानभाऊ, मी रेल्वेत नाही.
"मले मालूम हाये."
गाळणी आपटली.
"ज्याच्याजवळ पेटी नाही, शिटी नाही,
तो कसला गार्ड?"
मग सात का घेत होतात?

आत कुठल्यातरी रुळावर मालगाडी हलली,
धक्का एका डब्यातून दुसऱ्यात जात
शेवटपर्यंत गेला.
तोवर त्यानं दोन कप भरले.
"रातभर जागेल मानसाले
इचारू काय, कुठे व्हता म्हनून?"

नाणी चहानं ओली होती.
पुसली.
घरी जाऊन वही उघडली,
तारीख घातली, तासांच्या जागी रेघ मारली.
आलं: तीन.