तिसरी पिन

तांडापेठेत शारदोत्सवाच्या स्टेजमागं
शालिक हेडाऊ दुपारपासून खड्डा खणतो आहे.
पाच किलो खडे मीठ,
इस्त्रीवाल्याकडून अर्धं पोतं कोळसा,
मोडलेल्या हातपंपाचा पाइप.
मंडळाची पोट्टी विचारतात,
"काका, झाड लावून राहिले का?"
"हो बे. खाली वाढते हे."

वरून भेगाळलेली काळी माती.
बादलीभर पाणी ती गुटगुट पिते,
आणखी मागते.

मी गाते. या ऑर्केस्ट्रात चौथं वर्ष.
माइकला माझे ओठ लागण्याआधी
शालिकची बोटं लागतात. पालथी.
"सुलट्या हातानं धरलं न बाई,
त करंट मूठ मिटवते.
मंग सोडतो म्हटलं तरी सुटत नाही."
एकदा विचारलं, कोणाची मिटली?
तो वायर गुंडाळत राहिला,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.

ढोलकवाल्यानं सांगितलं, रात्री दोनला,
कामठी रोडवर, टेम्पोत.
पाचपावलीचं मैदान, अठ्ठ्याण्णव साल.
गिटारच्या ॲम्पमधून हमिंग येत होती,
पांढरी पाचच्या किंचित वर लागलेली,
जाईना.
आयोजक ओरडले.
शालिकनं पकडीनं प्लगची तिसरी पिन मोडली.
हमिंग गेली.
वा शालिकभाऊ, म्हणाले सगळे.
नवव्या गाण्यात प्रभाकर निखारे
डावा हात तारांवर ठेवून
माइककडं झुकला
आणि झुकलेलाच राहिला.
थरथरत होता.
लोकांना वाटलं, रंगात आलाय.
वन्स मोअर पडला.

यापुढं ढोलकवाला बोलला नाही.
ऑटोमोटिव्ह चौक आला, गेला.

आता हमिंग आली तर शालिक म्हणतो,
"राहू दे थोडी. कायची घाई आहे?"
श्रोत्यांत कोणी कान झाकतं.
मी तिलाच तंबोरा समजते,
पट्टी जराशी वर चढवून घेते.

विसर्जनानंतर तो पाइप उपटतो,
खड्डा बुजवतो.
मिठामुळं तिथं गवत धरत नाही.
यंदा नेमकं त्या टकलावर
पोट्टे स्टंप ठोकत होते, भुसभुशीत म्हणून.
दोनच होते त्यांच्याकडं.
तिसऱ्यासाठी पाइप मागत होते.

शालिकनं दिला नाही.