तारण

ऑर्व्हिल टेश यांनी आकडा जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहिला
आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं, जेवताना मीठ सरकवावं तसं.
पावणेपाच लाख डॉलर.
एकोणीस वर्षं मी त्यांच्या दारासमोरच्या टेबलावर बसते.
गारा पडल्या की पहिला फोन मी उचलते.
कुणाच्या कोठाराचं छप्पर कुणाच्या मक्यात जाऊन पडलं
हे सबंध काउंटीत आधी मला कळतं.

बँकेतला ब्रेंट. त्याच्या पहिल्या पिकअपचा विमा मीच उतरवलेला
(दुसऱ्याचाही, कारण पहिली त्यानं नाल्यात घातली).
म्हणाला, "लोर्ना, तारण काय?"
चारशे बारा घरं, मी म्हटलं.
"ती तुझी नाहीत."
दर वर्षी परत येतात.
"येतात. पण जप्त करता येत नाहीत."
ट्रॅक्टर चालला असता. गाय चालली असती.
माणसांची सवय कुठल्या रकान्यात लिहायची,
त्याला ठाऊक नव्हतं. मलाही.

ओमाहाच्या कंपनीतल्या बाईनं फोनवर
ग्राहकांचं सरासरी वय विचारलं.
एकसष्ट.
पलीकडे बराच वेळ नुसती बोटं वाजत राहिली.

रात्री मिलान काही न बोलता तळघरात गेला.
डीप फ्रीझरमधून, हरणाच्या मांसाखालून,
घराची कागदपत्रं घेऊन आला. आगीत जळू नयेत म्हणून तिथे.
विमा विकणाऱ्या बाईच्या घरात तिजोरी नाही.
कागदांवर दव धरलं होतं.
मागच्याच शरद ऋतूत घर फिटलं होतं, आम्ही केक आणला होता.
ओल्या कागदाकडे पाहत मी म्हटलं, अर्धंच. अर्ध्या घरावर.

उरलेल्यातल्या मोठ्या तुकड्यासाठी टेश म्हणाले, मी थांबतो.
दहा वर्षं, दर महिन्याला.
अठ्ठ्याहत्तरीचा माणूस दहा वर्षांचा हप्ता बांधून देतो,
तेव्हा कोण कुणाला तारतं, सांगणं कठीण.
"आता मरायला वेळ नाही," ते म्हणाले,
आणि टोपी शोधू लागले, जी डोक्यावरच होती.

ब्रेंटची शेवटची अट:
माझ्या आयुष्याचा विमा, बँकेच्या नावे.
अर्ज मीच भरला, माझ्याच टेबलावर,
ग्राहकांशी बोलते त्या आवाजात स्वतःला विचारत:
धूम्रपान? नाही.
आई कशानं गेली?
इथे मी ग्राहकांना नेहमी पाण्याचा ग्लास देते.
उठले, आणला, प्यायले.
वारस: बँक.
एजंटची सही: मी.
विमेदाराची सही: मी.

चारशे तेरावी फाइल.
ठेवायला कप्पा ओढला, तो नेहमीसारखा अडकला.
"थोडा उचलून ओढ," टेश दारातून म्हणाले.
एकोणीस वर्षं मी उचलूनच ओढते आहे.
बरं, म्हटलं,
आणि त्यांनी शिकवलं तसा ओढला.