विणकराची गाठ

बॅग आम्ही सुताच्या काट्यावर तोलली.
तेवीस किलो चारशे.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवला,
एक जाड पुस्तक काढलं,
मग आईनं गुपचूप खोचलेला शेंगदाणा चटणीचा दुसरा डबा,
मग थोडा वेळ उभे राहिले
आणि पुस्तक परत घातलं.
"बास. आता कुणी हात लावू नका."
चेनच्या दोन्ही कड्यांतून पिवळा दोरा ओवून
विणकराची गाठ मारली,
तीस वर्षं जॉबरकी केलेल्या बोटांनी, न बघता.

मुंबईच्या विमानतळावर काचेआत मी एकटी.
मागं वळले तर काचेत मीच,
आणि माझ्या पोटाच्या जागी
मामाचा हलणारा हात.

मधली सीट. पट्टा कसा लावायचा
ते शेजारणीचं बघून शिकले.
शेजारीण माझं बघत होती, हे नंतर कळलं.
भरूचच्या सुरैयाबी, ड्यूसबरीला लेकाकडे निघालेल्या.
दोहाला उतरल्यावर त्यांनी माझी ओढणी धरली,
"बेटी, तुम्हें तो सब पता होगा."
मी एकटी कधी कोल्हापूरच्या पुढं गेले नव्हते,
पण ओढणी कुणी धरलेली असताना
असं सांगता येत नाही.
पाट्या वाचत मी पुढं, त्या मागं,
एकाच अत्तराच्या दुकानाला दोन वळसे,
आणि मग गेट.
त्यांनी बटव्यातून सुपारी दिली.
मी खात नाही. खाल्ली.

दुसऱ्या विमानात झोपले,
सहा तास, तोंड उघडं टाकून.
इंजिनाची ती घरघर थेट आमच्या गल्लीची:
इचलकरंजीत उशाच्या भिंतीपलीकडं
रात्रभर बावीस माग चालतात.
त्या खडखडाटात मी जन्मले, दहावी झाले, ताप काढले.
वीज गेली, माग थांबले,
की अख्खी गल्ली दचकून जागी.

मँचेस्टरला काउंटरमागच्या माणसानं वाचलं,
"म्रिनॅली बुगॅड?"
मी बाजूला सरकले, येऊ दे तिला आधी.
मग आठवलं. "येस," म्हटलं.
पलीकडं सुरैयाबी नातवंडांच्या घोळक्यात शिरल्या,
वळून न बघता.
बरं वाटलं. नाहीही वाटलं.

सरकत्या पट्ट्यावर सगळ्याच बॅगा काळ्या.
दोरा एकीलाच.

मग रेल्वे, मेंढ्या, न संपणारा बोगदा,
हडर्सफील्ड.
खोली मिळाली ती जुन्या कापडगिरणीत.
भिंती हातभर जाड, छताला लोखंडी तुळया;
बाबा आले असते तर आधी वर बघितलं असतं,
शाफ्ट कुठून फिरत होता ते.
आता इथं पोरं राहतात,
एकशे चाळीस खोल्या, आणि आवाज नाही.
कोपऱ्यातला फ्रीज तेवढा हुंकारतो.
तो थांबला की मी उठून बसते.

रात्रीचे अकरा. तिकडं पहाटेचे साडेतीन.
"पोचले," लिहिलं.
लगेच निळ्या खुणा. रात्रपाळी.
"जेवलीस?"

चटणी बॅगेत. बॅगेला गाठ.
नखं लावली, दात लावले.
ओढली की आणखी घट्ट बसते,
शाळेत मीच फुशारकीनं सांगायची,
आमची गाठ सुटत नाही, कापावी लागते.
कात्री विमानात हाताशी नेऊ देत नाहीत,
म्हणून आईनं ती बॅगेतच टाकलीय,
मोज्यात गुंडाळून.

शेजारच्या दाराखाली उजेड होता.
वाजवलं.
केसांना टॉवेल गुंडाळलेली एक उंच मुलगी,
"हाय?"
पहिलीपासूनचं इंग्रजी, परीक्षेत साडेसातचा बँड,
आणि नेमका तो एक शब्द
कुठल्या तरी समुद्रावर राहून गेलेला.
मी दोन बोटं हवेत धरली,
उघडली,
मिटली,
उघडली.