एक्केचाळीस, दहा

शुवैखच्या मागच्या गल्लीत रात्री साडेदहाला
पारा अजून बेचाळिसावर.
मिशारीची काळी मस्टँग पट्ट्यांनी आवळून
रोलरवर उभी, शर्यतीआधीच्या खोंडासारखी.

जुना गिअर मी दुपारीच उतरवला:
मोठ्या चाकाला चाळीस दात, पिनियनला तेरा.
नवा चढवला: एक्केचाळीस, दहा.
पिवळा लेप लावून पाहिलं,
दातावर दात कुठं टेकतो.
तेल भरलं. गल्लीतून दोन चकरा मारून आणली.
"आता रस्ता सोलून काढील," मिशारी म्हणाला,
आणि रोनेलनं चौथा टाकून पेडल तळाशी नेलं.

पंख्याचा घोंगाट, रबराचा वास.
पडद्यावर आकडा: चारशे तीन.
मागल्या गुरुवारी होता चारशे बारा.

पैसे मोजून नऊ घोडे गमावले!
"कुठं गेले?" त्यानं विचारलं,
अरबीत, मग हिंदीत,
मग काही न बोलता बॉनेट उघडून.

आहेत रे, तिथंच आहेत.
इंजिनाला मी बोटसुद्धा लावलेलं नाही.
पण रोलरला कळतं ते एवढंच
की आपल्याला किती जोरात ढकललं.
नव्या दातांवर इंजिन भराभर चढतं,
आणि चढताना आधी स्वतःलाच फिरवतं:
फ्लायव्हील, क्लच, तो लांब शाफ्ट.
जितकी घाई, तितका घरातच खर्च.
बाहेर पोचतं ते उरलंसुरलं.
तरी सिग्नल सुटला की हीच पुढं निघेल,
कागदावर हरलेली.

हे सगळं माझ्या तोंडून
"इंजिन सेम-सेम, हबीबी, चाक शोय कम"
एवढंच बाहेर पडलं.
गळती तिथंही होतीच.

उद्यमनगरात जिनप्पा चौगुले सांगायचे,
गिअर हातात घेतलास की आधी दात मोज.
दोन्ही आकड्यांना एकच भाग जात असेल
तर तेच दात त्याच दातांना जन्मभर घासतात.
जात नसेल तर प्रत्येकाची गाठ
प्रत्येकाशी पडते. पण उशिरा.
एक्केचाळीस, दहा:
एकदा भेटलेला दात पुन्हा भेटायला
पिनियनचे एक्केचाळीस फेरे.
मी माझे महिने मोजले. सव्वीस झाले.

एक वाजता मिशारी गल्फ रोडवरून परतला.
काच खाली केली, केस विस्कटलेले,
हसू दाबता येत नव्हतं.
"भारी पळते," म्हणाला. मग थोडा घुटमळून:
"कागद मात्र जुना दे. चारशे बारावाला.
भावाला दाखवायचाय."

दिला.
पगाराचा आकडा मीही घरी
कापाकापीच्या आधीचाच सांगत आलोय.

शटर ओढलं. हात तीनदा धुतले.
गिअरच्या तेलाचा वास
दोन दिवस तरी जात नाही.