कानातलं जस्त

होक्काइदोच्या डोंगरात, जिथं एके काळी
खडक फोडला की पाऱ्याचे थेंब ओघळायचे,
तिथं आता येतात देशभरातले संपलेले सेल.
पिंपं भरभरून, बर्फानं घाट मिटायच्या आत.

मित्सुयोचे वडील त्याच खाणीत होते.
उतारवयात त्यांचे हात थरथरत,
सूपाचा वाडगा ते अर्धाच भरू देत.
खाण मिटली, भट्टी राहिली,
आणि लेक उभी राहिली पट्ट्यापाशी
हातमोज्यांवर हातमोजे चढवून.
सत्तावीस वर्षं झाली.

तिला बोटांनीच कळतं:
हा रिमोटमधला, आळशी, अजून थोडा जीव धरून.
हा भिंतीवरच्या घड्याळातला, पार पिळून निघालेला.
याच्या तोंडाशी पांढरं मीठ फुललंय,
म्हणजे खेळणं माळ्यावर, आणि मूल मोठं झालंय कुठंतरी.
लिथियमचा चुकार दिसला की लगेच वाळूच्या डब्यात,
मार्चमध्ये अशाच एकानं छपराचा पत्रा काळा केला होता.

आज एका बंदराच्या गावाहून आलेल्या पिंपात
बिस्किटांचा डबा निघाला.
आत शर्टाच्या बटणाएवढे सेल, कानातल्या यंत्राचे.
एकेकाला टेप, टेपवर पेन्सिलीनं तारीख.
आठ दिवसांनी एक. नऊ दिवसांनी एक.
कुठं तारखेखाली दोन शब्द:
हंस आले.
इसाओचा फोन.
रात्रभर वादळ, यंत्र काढून झोपले.

पुढं तारखा विरळ होत गेल्या.
पंधरा दिवस. महिना.
मग फक्त आकडे, तेही उतरत्या ओळीत.

आपण म्हणतो, कानात प्राण आणून ऐकलं.
इथं तो प्राण चिमूटभर जस्ताचा होता,
हवा खात खात राख होणारा,
दर आठवड्याला नवा विकत आणायचा.

तळाशी एक सेल, तारीख नसलेला,
पाठीवर नारिंगी कागद तसाच.
तो ओढला की हवा आत शिरते आणि सेल जागा होतो,
तोवर नाही.

पलीकडून ओदागावा ओरडला, पट्टा तुंबतोय.

तिनं नखानं कागद सोलला.
का, ते तिला सांगता आलं नसतं.
क्षणभर तळव्यावर धरला तो सेल,
कुणाचंच ऐकायला नसलेला, श्वास घेऊ लागलेला,
आणि सोडला बाकीच्यांत.

भट्टीत टेप जळते, पेन्सिल जळते.
चुंबक कवचांचं लोखंड उचलून नेतं,
जस्त-मँगनीजची काळी भुकटी पोत्यांत बसते,
उद्या कुणाच्या तरी बादलीला मुलामा होईल, कुणाच्या छपराला.
जुन्या सेलांतला पारा वाफ होऊन वर जातो,
गार नळीत पुन्हा थेंब होतो.
टनामागं काही थेंब. वडिलांच्या काळी बादल्या भरत.

संध्याकाळी हातमोजे उतरवताना
नारिंगी कागद अंगठ्याला चिकटलेला दिसला.
झटकला, तर दुसऱ्या बोटाला चिकटला.
बाहेर बर्फ पडायला लागला होता,
काही न वाजवता.
ती दारात थांबली, थोडा वेळ ऐकत.