अंश असू शकतो

दक्षिण ऑस्ट्रेलियात एक गाव आहे, नाव बरा.
कुणी आजारातून उठलं म्हणून ठेवलेलं नाही,
नुसतंच बरा.
तांब्याच्या खाणी कधीच मिटल्या.
खाणवाल्यांच्या पोटासाठी पेटलेली एक भट्टी
मागच्या मार्चपर्यंत चालू होती,
जोरी ट्रेलोअरची.

त्रेचाळीस वर्षं पहाटे दोनला उठलेला माणूस.
आता दुकान बंद, तरी दोनलाच उठतो
आणि काय करावं ते न सुचून
अंधार मळत बसतो.

आज मात्र काम आहे.
नात येतेय अ‍ॅडलेडहून. केरेन्सा, वय पाच.
फ्रिजवर लेकीने चिकटवलेली यादी:
दूध नाही. अंडं नाही. गहू नाही.
शेंगदाणा, बदाम, काजू, अक्रोड,
यांचं तर नावही काढायचं नाही.
यादी वाचून तो म्हणाला होता,
"म्हणजे मी नाही."

गेल्या नाताळात त्याने तिचा फक्त पापा घेतला.
तोंडात नुकतंच विरघळलेलं बदामाचं बिस्किट.
गालावर आधी ओठांएवढा लाल ठसा,
मग डोळा मिटला,
मग श्वासाला शिट्टी लागली.
मांडीत टोचायचं ते पेन लेकीने टोचलं.
त्याच्या हातून टोपणही निघालं नव्हतं.

म्हणून ओव्हनचं दार बंद.
दांडीवर फडकं वाळत घातलंय.
ओटा तीनदा पुसला, मिक्सरचं भांडं कोरं आणलं.
लाटणं माळ्यावर गेलं.
लाकूड काही विसरत नाही.

काल दुकानात भिंग लावून पाकिटं वाचत उभा होता.
उत्तम कोको, गडद, वासानेच जीभ ओली व्हावी असा.
उलटा केला तर तळाशी मुंगीएवढी अक्षरं:
दाण्यांचे अंश असू शकतात.
ठेवला. दुसरा उचलला. ठेवला.
इतक्या प्रामाणिकपणे त्याला
आजवर कुणीच बजावलं नव्हतं.
लग्नाच्या दिवशी जेन्नाच्या पाठीवर
असं काही छापलेलं नव्हतं,
की हिच्यात निघून जाण्याचा अंश असू शकतो.

चौथं पाकीट चाललं.

खजूर कोमट पाण्यात. बावीस खजूर.
बिया मोजल्या, एकवीस.
पुन्हा चिवडलं. बावीस.
सूर्यफुलाच्या बिया दळल्या, तेल सुटून
मिक्सरचा आवाज जाड होईपर्यंत.
जुलैच्या थंडीत खोबरेल थिजून दगड झालेलं.
बरणी काखेत धरून बसला,
कोंबडी बसते तसा, अंड्यावर.
(अंडं म्हणायचं नाही.)

मग हात. कोपरापर्यंत साबण, नखांना ब्रश.
तरी तळहाताच्या रेषा उजेडात धरून बघतो:
इतक्या वर्षांचा मैदा
असा सहजासहजी जात असेल?

कालवलं. चिमूट मीठ. थोडं आणखी.
सुपारीएवढे गोळे, खोबऱ्याच्या किसात घोळवलेले.
काहीच फुगत नाही, हे त्याला खटकतं.
जन्मभर त्याने फुगण्याचीच वाट पाहिली,
काचेला नाक लावून.
पण फुगणं म्हणजे काय
ते त्याने तिच्या ओठांवरही पाहिलंय.
न फुगलेलं बरं.

दोन तास फ्रिजच्या गुरगुरीत थिजू दिलं.

ती आली. टोपी काढायच्या आधीच विचारलं,
"हात धुतलेस?"
त्याने दाखवले, सुलटे, मग उलटे,
शाळेत दाखवायचा तसे.
तिने हुंगले. अर्धा गोळा तोडला.
तो घड्याळाकडे बघत नाहीये असं दाखवत
घड्याळाकडे बघत राहिला.

"खारट आहे," ती म्हणाली.

त्याने यादीच्या खाली पेन्सिलीने लिहिलं, मीठ कमी.

गाल तिने पुढे केला नाही.
तळहात केला.
अजून एक.