तीस दिवसांची मुदत

भाची झुल्मिराने तीन प्रोग्रॅम घालून दिले
आणि दुपारच्या बोटीने ती पिकोला परत गेली.
तिन्ही तीस दिवस फुकट.
एकतिसाव्या दिवशी, म्हणाली, मामा, एकच ठेवा.

एक्केचाळीस हजार फोटो.
बहुतेक शेपट्यांचे.
वीस वर्षं मी होर्ताच्या धक्क्यावरून
परक्या माणसांना देवमासे दाखवायला न्यायचो,
आणि बुडी मारताना ती सगळ्यात शेवटी दाखवते ते शेपूट,
त्याच्या कडेच्या खाचा, चावे, फाटके कोपरे,
त्यावरून ओळखायचं कोण ते.
एकीला मी नोटरी म्हणतो. एकीला शिंपीण.
कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र कधी लावलंच नाही,
त्यामुळे पहिल्या सहा वर्षांतल्या सगळ्याजणी
एकाच जानेवारीच्या एक तारखेला
मध्यरात्री बुडाल्या आहेत.

पहिला प्रोग्रॅम देखणा. महिन्याला भाडं.
भाडं थकलं तर फोटो दिसतील, नावं दिसणार नाहीत.
असला घरमालक मी लिस्बनमध्ये पाहिलेला आहे.
त्याला चेहरे ओळखता येतात.
रात्रभर बसून त्याने ते गोळा केले,
सकाळी विचारतो, हा कोण? दोनशे बारा फोटोंत आहे.
तो माझा अंगठा.
भिंगाच्या कोपऱ्यात, गुलाबी, टकला,
प्रत्येक फेरीला हजर.

दुसरा कायमचा फुकट.
कुणा सज्जनांनी रात्री जागून लिहिलेला,
आणि दिवसा कुणाला कळू नये याची काळजी घेतलेला.
त्याने सारख्या दिसणाऱ्यांचे गठ्ठे बांधले
आणि नुसत्या पाण्याचे नऊशे फोटो पुढे ठेवून म्हणाला:
यात काही नाही. काढू?
काही नाही कसं?
ती गेल्यानंतरचं पाणी आहे ते,
तेलासारखं गुळगुळीत, अंगणाएवढं,
बोट नेऊन उभी केली तरी लगेच मोडत नाही.
नको, म्हटलं.
तर म्हणे, खात्री आहे?

तिसरा म्हातारा. राखाडी. बटणं कोपऱ्यांत दडलेली.
आमच्या अक्षरांवरच्या लाटा त्याला वाचता येत नाहीत,
तिथे तो प्रश्नचिन्ह काढतो.
त्यालाही मी घालवलाच असता.

पण वडिलांचा फोटो अडला होता.
बेलार्मिनो, १९६१, कारखान्याच्या उतारावर,
हातात लांब दांड्याचं पातं,
आणि मागे ती, भिंतीसारखी.
वडील हसतायत.
त्या वर्षी आमच्या घराला छप्पर आलं, मला पहिले बूट.
‘घर’ मध्ये ठेवला तर तिचं काय?
‘देवमासे’ मध्ये ठेवला तर शिंपिणीच्या शेजारी
वडील पातं घेऊन उभे.
दोन आठवडे तो फोटो डेस्कटॉपवरच,
दारात ताटकळलेल्या पाहुण्यासारखा.

म्हाताऱ्याकडे पेट्या नाहीत, चिठ्ठ्या आहेत.
मी टाइप केलं: वडील.
मग: बूट.
मग: ती, नाव माहीत नाही.
मग उठून कॉफी केली, प्यायलो, कप विसळला,
आणि येऊन लिहिलं: छप्पर.
आणि त्याच दमात, लाज.
पाचही लागल्या. एकही दुसरीला ढकलत नाही.

झुल्मिरा फोनवर चिडली. मामा, हा बंद पडणार,
बनवणारा सत्तरीचा आहे, एकटा आहे.
मीही आहे, म्हटलं.
पण हा चिठ्ठी स्वतःच्या वहीत नाही लिहीत,
फोटोच्या पोटात लिहितो.
उद्या प्रोग्रॅम मेला, परवा मी,
तरी कुणी ते कुठेही उघडलं
तर आत सापडेल: बूट.

आज सव्विसावा दिवस.
पलीकडे पिकोने डोक्यावर ढग घेतलाय,
धक्क्यावर कुणीतरी दोर आवळतंय.
मी रिकाम्या पाण्याला नावं देत बसलोय, एकेकाला:
नोटरी, आत्ताच गेली.
शिंपीण, आत्ताच गेली.
काहींचं आठवत नाही, तिथे नुसतं ‘आत्ताच’.
अंगठ्याचं काम सकाळीच उरकलं.
एउरिको, दोनशे बारा.